दुसरा कुठे गेला?

डॉक्टर: आजी, तुम्ही जरा बाहेर बसता का? मला पेशंटशी बोलायचंय.

सासू: आजी म्हणू नका. आजी व्हायलाच तर पाच वर्षं खटपट चाललीय आमची.

डॉक्टर: मग काय म्हणू?

सासू: काकू. तीस वर्षं नळांचं दुकान चालवतेय, प्लंबरपासून कंत्राटदारापर्यंत सगळे काकूच म्हणतात. आणि मी बाहेर बसणार नाही. माझी सून तुम्हाला खरं काही सांगणार नाही.

सून: आई, प्लीज. डॉक्टर, मला काही झालेलं नाहीये. पोटात गॅस धरलाय. ह्यांनी उगाच इमर्जन्सीत आणून टाकलं.

सासू: मी कुठे आणलं? तुझ्या त्या शिकाऊ न्हाव्याने आणलं.

डॉक्टर: कोणी?

सून: मी ड्रायव्हिंग शिकवते, एक न्हावी माझ्याकडे गाडी शिकायला येतो. आज क्लास चालू असताना जरा कळ आली. गाडी दुकानासमोर होती, म्हटलं उतरून घरी जाऊन पडावं. तर ह्या दार उघडून मागच्या सीटवर बसल्या आणि त्याला म्हणाल्या, दवाखान्यात घे.

सासू: वीसच्या वर काटा जाऊ दिला नाही बाबाने. मागून लोक हॉर्न मारतायत, शिव्या देतायत, आणि ही कळवळत त्याला सांगतेय, आरसा बघा, इंडिकेटर द्या. अजून उभा आहे तो तुमच्या दारात, अॅम्ब्युलन्सच्या जागेवर. रिव्हर्स येत नाही त्याला.

सून: रिव्हर्स सातव्या धड्यात आहे. आज पाचवा होता.

डॉक्टर: बरं. कितवा महिना?

सून: आठवा आठवडा चाललाय. आयव्हीएफ. तिसरी खेप. दोन गर्भ ठेवले होते, त्यातला एक रुजला. दहा दिवसांपूर्वी सोनोग्राफी झाली. पिशवीत व्यवस्थित आहे, ठोकेही छान आहेत. हा रिपोर्ट.

डॉक्टर: लॅमिनेट केलाय?

सासू: मी केला. दुकानात ओले हात लागतात सगळ्याला.

डॉक्टर: छान. म्हणजे बाळ पिशवीत आहे हे नक्की झालेलं आहे, नळीत वगैरे अडकलं असेल ही भीती नाही. तुम्हाला ज्या हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत ना, त्यांनी पोट फुगतं, जड होतं, कळा येतात. एक साधं औषध लिहून देते. त्रास वाढला तर परत या.

सून: ऐकलंत? चला आता.

सासू: थांब गं. डॉक्टर, एक सांगा. दोन ठेवले म्हणतात. एक सापडला. दुसरा कुठे गेला?

डॉक्टर: रुजला नसणार. बहुतेक वेळा विरून जातो.

सासू: विरताना बघितला कोणी?

डॉक्टर: तसं बघता येत नाही, काकू.

सासू: म्हणजे बघितला नाही. अहो, एका नळाला झकास पाणी येतंय म्हणून भिंतीत गळती नाही, असं मी गिऱ्हाइकाला सांगितलं असतं तर पहिल्याच वर्षी शटर ओढावं लागलं असतं मला.

सून: आई, मी बाथरूम नाहीये.

सासू: बाथरूम असतीस तर बरं झालं असतं. निदान ओल दिसली असती. आणि तो खांदा का धरून बसलीयेस मघापासून?

सून: माझा खांदा रोजच दुखतो. दिवसभर दुसऱ्याचं स्टिअरिंग ओढून तुमचाही दुखेल.

सासू: रोज उजवा दुखतो. आज डावा धरलायस.

डॉक्टर: एक मिनिट. डावा खांदा? कधीपासून?

सून: सकाळपासून. झोपेत अवघडला असेल.

डॉक्टर: आडवं पडलं की वाढतो?

सून: ...हो. तुम्हाला कसं कळलं?

डॉक्टर: चक्कर आली होती?

सून: नाही.

सासू: सकाळी बेसिनला लोंबकळत होती. तोंड चुन्यासारखं पांढरं. मी विचारलं तर म्हणते, दात घासतेय. ब्रश कपातच होता.

डॉक्टर: हात द्या इकडे. ...एकशे अठरा. सिस्टर! सोनोग्राफीचं मशीन इथे आणा, ताबडतोब. आणि दोन्ही हातांना जाड सुया लावा. ताई, तुम्ही पाणीसुद्धा पिऊ नका आता.

सून: खांदा दुखतोय म्हणून पाणी नाही?

डॉक्टर: खांद्याला काही झालेलं नाही. पोटात रक्त साठलं की ते आडवं पडल्यावर वर सरकतं, छातीखालच्या पडद्याला लागतं. तिथलं दुखणं माणसाला खांद्यात कळतं. ...शर्ट वर घ्या. थंड लागेल.

सासू: काय दिसतंय?

डॉक्टर: बोलू नका जरा.

सासू: मी बोलत नाहीये, विचारतेय.

डॉक्टर: हे बाळ. पिशवीत, जागच्या जागी. ठोके आहेत.

सून: बघा! मी सांगत होते.

डॉक्टर: आणि हे, हा काळा पट्टा, हे रक्त. बरंच आहे. ...आणि हा दुसरा. डाव्या नळीत.

सून: दुसरा म्हणजे?

डॉक्टर: दोन्ही रुजले, ताई. एक घरात रुजला आणि एक जिन्यात. हजारो बायकांत एखादीला होतं असं. तुमच्यासारख्या उपचारानंतर थोडं जास्त होतं, तरी फार क्वचित. म्हणूनच हुकतं. एक पिशवीत दिसला की पुढे कोणी शोधत नाही. मीही गॅसचं औषध लिहीतच होते. चुकत होते मी.

सासू: चुकतं माणसाचं. आता हात चालवा म्हणजे झालं.

डॉक्टर: नळी फाटलीय. ऑपरेशन करावं लागेल. दुर्बिणीने, पोटाला तीन लहान छिद्रं पाडून. ती नळी काढायची, रक्त उपसायचं. पिशवीला हात लावायचा नाही. अर्ध्या तासात टेबलवर घ्यायला हवं.

सून: नाही.

डॉक्टर: नाही म्हणजे?

सून: नाही म्हणजे नाही. भूल द्यायची, पोट फुगवायचं, आत हत्यारं घालायची, आणि शेजारी तो आहे! आठ आठवड्यांचा! मी खोकतानासुद्धा उशी धरते पोटाशी. औषध नाही का दुसरं काही? इंजेक्शन देऊन विरघळवतात ना नळीतला? मी वाचलंय.

डॉक्टर: देतात. पण ते औषध नळीतला कोणता आणि पिशवीतला कोणता हे बघत नाही. दोघांनाही संपवेल. आणि आता रक्त सुरू झालंय, त्यामुळे तशीही ती वेळ गेली.

सून: मग थांबून बघू. संध्याकाळपर्यंत. आपोआप थांबतं कधी कधी.

डॉक्टर: ताई, तुमची नाडी एकशे अठरा आहे. संध्याकाळपर्यंत ती मोजायला काही उरणार नाही.

सून: ऑपरेशन केलं तर पिशवीतला टिकेल, हे लिहून द्याल?

डॉक्टर: नाही देणार. अशा दहा जणींमध्ये सहा-सात जणींचा टिकतो.

सून: म्हणजे तीन-चार जणींचा जातो.

डॉक्टर: जातो. आणि ऑपरेशन न करता बसलेल्यांचा सगळ्यांचा जातो. त्यासुद्धा जातात. मी रक्ताची सोय बघून येते. पाच मिनिटं. तोवर ठरवा. नवऱ्याला फोन लावायचा तर लावा.

सासू: तो मालवाहू जहाजावर आचारी आहे. आत्ता कुठल्या तरी समुद्रात बटाटे सोलत असेल. परवापर्यंत फोन लागायचा नाही. माझी सही चालेल?

डॉक्टर: ह्यांची स्वतःची लागेल. ह्या शुद्धीवर आहेत.

सासू: तेवढंच बाकी आहे.

*

सून: गेल्या?

सासू: गेल्या. चांगली आहे बाई. चूक कबूल करून मोकळी झाली. आपला नेहमीचा वेल्डर तर अजून म्हणतो टाकी आधीच वाकडी होती.

सून: आई, हसवू नका. दुखतं.

सासू: दुखतं ना? मग गॅस नाहीये ते.

सून: तुम्हाला काय फरक पडतो? तुम्हाला हे नकोच होतं. पहिल्यापासून बर्फातली पोरं म्हणायचात.

सासू: म्हणायचे. अजून म्हणते. लॅबवाल्यांनी बर्फातच गोठवून ठेवली होती ना? का कपाटात होती?

सून: मला लागायचं ते.

सासू: माहितीये. तू तोंड फिरवायचीस तेव्हा दिसायचं मला. आणि इंजेक्शनं कोणी टोचली गं? नवरा समुद्रात. रोज संध्याकाळी सातला शटर अर्धं ओढायचं, तुला पाइपांच्या खोक्यांवर उपडी घालायची आणि टोचायचं. गिऱ्हाईक बाहेरून ओरडतंय, काकू, पाइपाचा एल्बो आहे का? आणि मी आतून सांगतेय, थांबा, सुनेच्या कंबरेत सुई आहे.

सून: दोनदा वाकडी टोचलीत.

सासू: तू हललीस.

सून: मी नाही हलले. तुमचे डोळे मिटलेले होते.

सासू: ...रक्त बघवत नाही मला. त्यात काय.

सून: आई, मला खूप भीती वाटतेय. मी सही केली आणि तो गेला, तर मीच केलं असं होईल. नाही केली तर निदान आपोआप झालं म्हणता येईल.

सासू: म्हणायला तू असशील का पण?

सून: काय करू, सांगा ना तुम्ही.

सासू: मी नाही सांगणार. पोट तुझं, सही तुझी. पुढची वीस वर्षं मला ऐकवशील.

सून: नाही ऐकवणार.

सासू: ऐकवशील. मी ऐकवलं असतं. ...बरं, एक विचारते. तू त्या गाडीत डावीकडे बसतेस. तुझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. समोर माणूस आला आणि तुझा न्हावी आपला गिअर शोधतोय. तू काय करतेस? त्याला विचारतेस का, भाऊ, दाबू का?

सून: दाबते.

सासू: पुढे आपटेल कोणीतरी, नाक फुटेल कोणाचं तरी, असा विचार करतेस?

सून: वेळच नसतो.

सासू: मग?

सून: दाबते आणि मग शिव्या घालते.

सासू: शिव्या आत जाऊन घाल. भूल चढताना माणूस काहीही बोलतो, कोणी मनावर घेत नाही.

सून: आणि पिशवीतला नाही राहिला तर?

सासू: तर आपण दोघी घरी जाऊ. तू पंधरा दिवस कोणाशी बोलणार नाहीस. मी दार आपटत हिंडेन. मग कधीतरी मीठ कुठे ठेवलं ह्यावरून भांडू. दुसरं काय. पण त्याच्यासाठी दोघी लागतात घरी जायला.

सून: ...हाक मारा त्यांना.

सासू: डॉक्टर! अहो डॉक्टर! कागद आणा, हिचा विचार बदलायच्या आत!

*

(दीड तासानंतर. ऑपरेशन थिएटरबाहेरचा लांब बाक.)

डॉक्टर: काकू, झालं. टाके घातले. आता जागी होतेय हळूहळू.

सासू: बरी आहे?

डॉक्टर: बरी आहे. पाऊण लिटरहून जास्त रक्त होतं पोटात. डावी नळी काढली. उजवी चांगली आहे. दोन बाटल्या रक्त चढवलं.

सासू: तो न्हावी देऊन आला तुमच्या रक्तपेढीत. बदली रक्त मागत होते ना. मी म्हटलं, बाबा, तू गाडी तर हलवू शकत नाहीस, निदान हात तरी पुढे कर. गाडी मग गार्डने ढकलत बाजूला नेली.

डॉक्टर: बिस्कीट दिलं ना त्याला?

सासू: दोन पुडे खाल्ले. ...आणि पिशवीतला?

डॉक्टर: पिशवीला आम्ही बोटही लावलं नाही. पण आत्ताच काही सांगणार नाही मी. तिला आज निवांत पडू दे. हार्मोनची औषधं चालू ठेवलीत. उद्या सकाळी बघू.

सासू: आत्ता नाही बघता येणार?

डॉक्टर: बघता येईल. पण आत्ताचं उत्तर उद्याला चालेलच असं नाही. मला तुम्हाला एकदाच सांगायचंय.

सासू: बरोबर आहे. प्लास्टर ओलं असताना ठोकून बघू नये.

डॉक्टर: काकू, तुम्ही मघाशी अडून बसला नसतात तर मी ह्यांना घरी पाठवलं असतं. मी ते विसरणार नाही.

सासू: विसरा. माझं बरोबर निघालं म्हणून मला काही आनंद झालेला नाही. तीस वर्षं गळती आहे गळती आहे म्हणून सांगते, आणि लोक भिंत फोडल्यावरच मानतात. एकदा तरी भिंत कोरडी निघावी असं वाटतं हो.

डॉक्टर: बसा. पाणी घ्या. चपला उलटसुलट घातल्यात तुम्ही.

सासू: वय झालं.

डॉक्टर: मघाशी नीट होत्या.

सासू: मघाशी ती समोर होती.

*

सून: सकाळ झाली का? किती वाजले?

सासू: आठ. कावळ्यासारखी ओरडत होतीस भुलीत. त्या भूलवाल्या डॉक्टरला म्हणालीस, क्लच सोड, गाढवा.

सून: खोटं.

सासू: सिस्टरांना विचार. सगळ्या हसत होत्या. तो बिचारा म्हणाला, सोडला, मॅडम.

सून: आई, डॉक्टर येतायत. मशीन घेऊन.

सासू: येऊ दे.

सून: मला नाही बघायचं. तुम्ही बघा. नाही, तुम्हीही नका बघू. तुमचं तोंड बघून मला कळेल.

डॉक्टर: गुड मॉर्निंग. दुखतंय?

सून: हसलं की.

डॉक्टर: मग काकूंना जरा आवरा. टाके सांभाळून लावते, घाबरू नका. ...हं.

सून: हं काय?

डॉक्टर: थांबा.

सून: हं म्हणजे काय? चांगलं हं की वाईट हं? आई, काय दिसतंय?

सासू: मला काय कळतंय. टीव्ही बिघडल्यासारखं दिसतंय सगळं. थांब, ते मधे काहीतरी... डॉक्टर, ते लुकलुकतंय ते काय?

डॉक्टर: तेच.

सून: काय तेच?

डॉक्टर: ठोके. एकशे साठच्या आसपास. काल एवढा गोंधळ झाला शेजारी, ह्याला पत्ताही नाही. ताई, अजून एकदम निर्धास्त होऊ नका. पुढचे दोन आठवडे जपायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत, गाडी नाही, जिने नाहीत. पण आजचं उत्तर चांगलं आहे. ...रडा, रडा. फक्त पोट धरून रडा.

सून: आई?

सासू: काय?

सून: तुम्ही काय करताय?

सासू: काय करणार. चष्मा पुसतेय.

डॉक्टर: मी दुपारी येते. चहा दिलेला चालेल ह्यांना. अर्धा कप.

*

सून: आई, झोपलात का?

सासू: ह्या स्टुलावर? ह्याच्यावर झोपायला सर्कशीत शिकावं लागेल.

सून: दुसऱ्याचं काय केलं त्यांनी?

सासू: तपासणीला पाठवलं. नळीसकट.

सून: दहा दिवस मी एकाशीच बोलत होते. नीट बस, घट्ट धर, असं. दुसरा तिकडे होता हे माहीतच नव्हतं. त्याला कोणी काही बोललंच नाही.

सासू: हं.

सून: तोही धरूनच बसला होता ना. चुकीच्या जागी, पण धरून बसला होता.

सासू: हो.

सून: तुम्ही काही म्हणणार नाही? बर्फातला, जिन्यातला, काहीतरी?

सासू: नाही.

सून: का?

सासू: बघितलाय मी त्याला.

सून: काय?

सासू: तुला आत टाके घालत होते तेव्हा. सिस्टर ट्रे घेऊन बाहेर आल्या. काढलेलं नातेवाइकांना दाखवून सही घेतात म्हणे. त्या म्हणाल्या, काकू, नाही बघितलंत तरी चालेल, नुसती सही करा.

सून: मग?

सासू: मग काय. चष्मा लावला आणि बघितला.

सून: कसा होता?

सासू: लहान. करंगळीच्या नखाएवढा.

सून: तुम्हाला तर रक्त बघवत नाही.

सासू: नाही बघवत.

सून: मग कशाला बघितलात?

सासू: घरचं कोणीतरी बघायला हवं होतं ना त्याला.